कचरा वेगळा गोळा करण्याचा क्रम: गोव्यातील नगरपालिकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कचरा वेगळा ठेवण्याची मोहीम शहरात फसते, तेव्हा दोष नागरिकांच्या सवयींना दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चूक क्रमाची असते. पालिका आधी घरोघरी हिरव्या-निळ्या बादल्या वाटते, मग पत्रके छापते, त्यानंतर गाड्यांची निविदा काढते, आणि वेगळा झालेला कचरा जायचा कुठे हा प्रश्न सर्वांत शेवटी हाती घेते. तोपर्यंत घरच्यांनी वेगळा करून दिलेला ओला आणि सुका कचरा एकाच गाडीत पडताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्यानंतर त्यांनी वर्गीकरण सोडून दिले, तर त्यांना बोल लावता येत नाही.

म्हणून येथे काम उलट्या बाजूने मांडले आहे: शेवटच्या ठिकाणापासून सुरुवात करून घराच्या दारापर्यंत. उदाहरणासाठी साधारण ६०० घरांचा एक प्रभाग धरला आहे. एक प्रभाग नीट बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. मुख्याधिकारी, स्वच्छता पर्यवेक्षक, नगरसेवक आणि मोठ्या गृहसंकुलांचे व्यवस्थापक यांना हा क्रम जसाच्या तसा वापरता येईल.

कायद्याची बाजू आधी स्पष्ट करून घ्यावी. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ हे १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले असून त्यांनी २०१६ च्या नियमांची जागा घेतली आहे. घराच्या पातळीवरचा मोठा बदल असा, की आता कचरा चार प्रकारांत द्यायचा आहे: ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, पॅड) आणि विशेष काळजीचा (बल्ब, रंगाचे डबे, जुनी औषधे). जुने तीन प्रकार सांगणारे फलक कोठे असतील तर ते पहिल्याच आठवड्यात उतरवावेत; दोन वेगवेगळ्या सूचना एकाच गल्लीत दिसल्या तर लोक दोन्हींकडे दुर्लक्ष करतात.

टप्पा १: प्रत्येक प्रकाराचे शेवटचे ठिकाण लेखी ठरवा

एका कागदावर कचऱ्याचे सर्व प्रकार लिहावेत आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी भराव्यात: तो कोण स्वीकारणार, कोणत्या स्थितीत स्वीकारणार, आणि गाडी परत पाठवली गेली तर पर्यायी जागा कोणती. तिसरा रकाना रिकामा ठेवून काम सुरू करण्याची चूक सर्रास होते. प्रक्रिया केंद्र देखभालीसाठी चार दिवस बंद राहिले, की वेगळा केलेला ओला कचरा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ओतला जातो आणि तेथे नवा ढीग तयार होतो.

ओल्या कचऱ्यासाठी उत्तर गोव्यात साळगावचा आणि दक्षिण गोव्यात काकोड्याचा असे दोन मोठे प्रकल्प आहेत. आपल्या पालिकेचा कचरा तेथे जाणार असेल, तर दिवसाला किती टन, कोणत्या वेळेत आणि किती टक्के भेसळ चालेल, हे गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाशी पत्रव्यवहार करून ठरवून घ्यावे. तोंडी होकारावर गाड्यांचे वेळापत्रक बांधू नये. पालिकेचे स्वतःचे खत युनिट असेल, तर त्याची आजची खरी क्षमता मोजावी. उद्घाटनाच्या पाटीवरचा आकडा उपयोगाचा नाही.

सुक्या कचऱ्याचे आणखी भाग पडतात. पुठ्ठा, पत्रा, पेट बाटल्या, जाड प्लास्टिक यांना भंगारात भाव मिळतो. थर असलेली वेष्टने, चिप्सची पाकिटे, फाटक्या चपला, मळके कापड यांना मिळत नाही. हा दुसरा भाग दाबून, त्याच्या गासड्या करून सिमेंट कारखान्यांत इंधन म्हणून पाठवला जातो. गोव्यातून तो कर्नाटकापर्यंत जातो, त्यामुळे वाहतुकीचा खर्च मोठा असतो. गासड्या सैल असतील तर गाडीतून कचऱ्यापेक्षा हवेचीच वाहतूक होते.

सॅनिटरी कचऱ्याविषयी विशेष दक्षता हवी. कुंडईचे सामायिक केंद्र दवाखाने आणि रुग्णालये यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यासाठी आहे. घरगुती डायपर व पॅड तेथे घेतले जातील असे गृहीत धरू नये, लेखी विचारणा करावी. बल्ब, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचा थर्मामीटर, कीटकनाशकांच्या बाटल्या हा विशेष काळजीचा कचरा आहे. त्यासाठी प्रभागात कुलूपबंद, छत असलेली आणि गळती न होणारी एक खोली पुरते. तेथून तो अधिकृत परवाना असलेल्या संस्थेकडेच गेला पाहिजे.

नारळाची सोडणे (वरची तंतुमय साल), शहाळी, झावळ्या आणि बागेतला पालापाचोळा यांना स्वतंत्र रकाना द्यावा. गोव्यात हा कचरा इतका आहे, की तो ओल्या कचऱ्यात मोजला तर सगळे गणित बिघडते. सोडणे यंत्राने तोडल्याशिवाय लवकर कुजत नाहीत आणि बायोगॅस संयंत्राला तर ती अजिबात चालत नाहीत. हीच गोष्ट खाण्यात येणाऱ्या शिंपल्यांची (तिसऱ्या, खुबे, कालवे). घरातून ते माशांच्या टाकाऊ भागाबरोबर ओल्या बादलीतच येतात, पण दळण यंत्राची पाती त्यांनी खराब होतात. केंद्र शिंपले घेते की नाही हे आधीच विचारावे. घेत नसेल तर खत युनिटच्या दारात चाळून बाजूला काढण्यासाठी एक माणूस नेमावा लागेल.

तपासणी: कागदावरचा एकही रकाना रिकामा असेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा २: आठ दिवस कचरा मोजा

अंदाजावर गाड्या आणि शेड घेतल्या की त्या एक तर अपुऱ्या पडतात, नाही तर पडून राहतात. प्रभागातून येणारी प्रत्येक गाडी सलग आठ दिवस वजनकाट्यावर न्यावी. त्यात एक रविवार आणि एक बाजाराचा दिवस आलाच पाहिजे. दररोज एका गाडीतला कचरा ताडपत्रीवर पसरून नीट मिसळावा, त्याचे चार समान भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग बाजूला काढून उरलेले दोन पुन्हा मिसळावेत. साधारण १०० किलो उरेपर्यंत हे करावे आणि त्या नमुन्यातील ओला, सुका, सॅनिटरी, काच, शिंपले-सोडणे व माती वेगवेगळी तोलावी.

गोव्यात एकाच मोजणीवर भागत नाही. डिसेंबरमधला किनारपट्टीचा प्रभाग आणि जुलैमधला तोच प्रभाग यांत फार फरक असतो. पर्यटनाच्या हंगामात काचेच्या बाटल्या, पाण्याच्या बाटल्या आणि हॉटेलांतील अन्न वाढते. पावसाळ्यात तोच कचरा भिजल्यामुळे जड होतो आणि वजन फसवे ठरते. म्हणून एक मोजणी हंगामात आणि एक पावसाळ्यात करावी. गाड्यांची संख्या हंगामाच्या आकड्यावर, तर छताची आणि सांडपाणी निचऱ्याची व्यवस्था पावसाळ्याच्या आकड्यावर ठरवावी.

सावधान: मोजणी करणाऱ्या कामगारांना जाड हातमोजे, गमबूट आणि मुखपट्टी दिल्याशिवाय कचरा पसरू देऊ नये. नमुन्यात सुया आणि फुटक्या काचा हमखास निघतात.

टप्पा ३: गाडी, मार्ग आणि माणसे

आता गणित मांडावे. ६०० घरे, घरी सरासरी चार माणसे आणि माणशी दिवसाला ३०० ग्रॅम धरले, तर रोज ७२० किलो कचरा होतो. त्यात ओला ६० टक्के असेल तर तो सुमारे ४३० किलो भरतो. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. आपल्या मोजणीतले आकडे येथे घालावेत.

गाडीचा कप्पा ठरवताना वजन पाहून चालत नाही, जागा पाहावी लागते. ओला कचरा दाट असतो, चारशे किलोंना साधारण एक घनमीटर जागा पुरते. सुका कचरा वजनाने निम्मा असला तरी फुगीर असल्यामुळे त्याला तिप्पट जागा लागू शकते. गाड्यांच्या कप्प्यांची निम्मी-निम्मी वाटणी केली, की सुक्याचा कप्पा अर्ध्या मार्गावरच भरतो आणि पुढच्या घरांचा सुका कचरा ओल्यात टाकला जातो. निविदेतील ही एक चूक पुढची पाच वर्षे निस्तरावी लागते. त्यापेक्षा सोपा मार्ग असा, की ओला आणि सॅनिटरी कचरा रोज न्यावा, आणि सुका आठवड्यातून दोन ठरावीक वारी वेगळ्या फेरीत न्यावा. सुका कचरा घरात तीन-चार दिवस राहिला तरी त्याला वास येत नाही, मात्र दुधाच्या पिशव्या आणि मासळीची पाकिटे धुऊन ठेवण्यास सांगावे लागते.

सॅनिटरी कचऱ्यासाठी गाडीच्या मागे झाकण असलेला, ठळक लाल रंगाचा वेगळा डबा बसवावा. गोव्याच्या दमट हवेत तो रोजच उचलावा लागतो. विशेष काळजीचा कचरा महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी घ्यावा. इतर दिवशी तो द्यायचा असेल तर लोकांनी प्रभागाच्या खोलीवर आणून द्यावा.

वेळेचेही गणित करावे. एका दारावर अर्धा मिनिट धरले तरी ६०० दारांना पाच तास लागतात, आणि त्यात चालणे, वळणे, गाडी रिकामी करणे आलेले नाही. सकाळी सातला निघालेली एकच गाडी शेवटच्या घरी दुपारी पोचली, तर तेथील कामावर जाणारी माणसे घराला कुलूप लावून गेलेली असतात, आणि पिशवी कुंपणावरून रस्त्यावर येते. अशा प्रभागात दोन गाड्या लागतात, किंवा मार्ग दोन भागांत तोडून नोकरदारांची वस्ती आधी घ्यावी लागते. अरुंद वाड्यांत गाडी जात नसेल तेथे ढकलगाडी हवी, आणि तिच्यावरही स्वतंत्र डबे हवेत.

कामगारांची तयारी ही या सगळ्याच्या मुळाशी आहे. गाडीवरच्या माणसाला वर्गीकरण पटलेले नसेल, तर कोणतेही पत्रक उपयोगाचे नाही. त्याला दोन दिवसांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष कचऱ्यावर द्यावे, धनुर्वाताची लस द्यावी, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका समजावून गमबुटाशिवाय काम करू देऊ नये, आणि हात-पाय धुण्यासाठी साबण व पाण्याची जागा द्यावी. प्रभागात आधीपासून कचरा वेचून जगणारी माणसे असतील, तर त्यांना ओळखपत्र देऊन सुक्या कचऱ्याच्या शेडवर सामावून घ्यावे. बाटली हातात घेताच ती कोणत्या प्लास्टिकची आहे हे त्यांना कळते, आणि नव्या ठेकेदाराच्या माणसांना ते शिकायला कित्येक महिने जातात.

तपासणी: सलग तीन दिवस गाडी रिकाम्या डब्यांसह संपूर्ण मार्गावर फिरवून प्रत्येक गल्लीतील पोचण्याची वेळ नोंदवावी. रोजच्या वेळेत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर मार्ग पुन्हा आखावा.

टप्पा ४: आता घरोघरी जा

नागरिकांकडे जाण्याची वेळ येथे येते, आधी नाही. पत्रक दारात टाकून परतू नये. दोघांच्या जोडीने प्रत्येक घरी जावे, आणि त्या जोडीत त्या मार्गावरचा कामगार असावा, म्हणजे रोज दारात येणारा माणूस ओळखीचा होतो. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांशी हिंदी किंवा कन्नडमध्ये बोलावे लागते, याची सोय आधी करावी. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या बंगल्यांत मालक राहत नाही. तेथे देखरेख करणाऱ्या माणसाला गाठून चित्रांचा फलक स्वयंपाकघरात लावून घ्यावा, कारण दर दोन दिवसांनी बदलणाऱ्या पाहुण्यांना दुसरे कोणी सांगणार नाही.

घरात चारच प्रकार सांगावेत. पणजी महानगरपालिका सुक्या कचऱ्याचे सोळा प्रकार करते म्हणून काही उत्साही मंडळी घरातच आठ-दहा डबे ठेवायला सांगतात. ते बारीक वर्गीकरण घराने सुका कचरा स्वच्छ आणि कोरडा दिल्यावर शेडमध्ये करायचे काम आहे. घराकडून एवढीच अपेक्षा ठेवली तर ती पूर्ण होते.

लोकांचा खरा गोंधळ काही मोजक्या वस्तूंवर होतो, म्हणून वेळ त्यांवरच घालवावा. तेल लागलेला कागद आणि जेवणाच्या पत्रावळी ओल्यात. प्लास्टिकचे अस्तर असलेले कागदी कप सुक्यात. केस आणि झाडलोटीची धूळ ओल्यात नको, सुक्यात द्यावी. डायपर व पॅड कागदात गुंडाळून, त्यावर खूण करून लाल डब्यात. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, हातात देऊन सांगावी. नारळाची करवंटी सोडणांबरोबर. मासळीचे टाकाऊ भाग ओल्यात, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नव्हे. कागदात किंवा केळीच्या पानात. जुनी औषधे शौचालयात ओतू नयेत.

सावधान: ओला कचरा पिशवीत बांधून घेण्यास पहिल्या दिवसापासून नकार द्यावा. "पिशवी आम्ही काढू" अशी सवलत एकदा दिली की ती मागे घेता येत नाही, आणि त्या पिशव्यांचे तुकडे खतात उतरतात.

टप्पा ५: पहिले सहा आठवडे

पहिले दोन आठवडे मिसळलेला कचरा परत करू नये. कामगाराने तो घेताना काय चुकले ते दाखवावे आणि वहीत घर क्रमांकापुढे खूण करावी. तिसऱ्या आठवड्यापासून मिसळलेला कचरा दारातच ठेवून, छापील चिठ्ठी लावून पुढे जावे. पाचव्या आठवड्यात पर्यवेक्षकाने वारंवार खूण झालेल्या घरी स्वतः जावे. दंडाची नोटीस त्यानंतर. हा क्रम उलटा केला आणि पहिल्याच आठवड्यात दंड लावला, तर कचरा रात्री ओहोळात किंवा पुलाखाली जातो, आणि तो शोधण्याचा खर्च दंडाच्या रकमेपेक्षा अधिक होतो.

या काळात एक नियम कोणत्याही कारणाने मोडू नये: गाडीतले प्रकार एकत्र होता कामा नयेत. गाडी बिघडली तर त्या दिवशी फक्त ओला कचरा उचलावा आणि सुका दुसऱ्या दिवशी येईल असे ध्वनिक्षेपकावरून कळवावे. लोक उशीर सहन करतात, पण आपली मेहनत वाया गेलेली सहन करत नाहीत.

कोपऱ्यावरचे जुने कचराकुंड या टप्प्याच्या शेवटी हटवावे, आधी नाही, आणि हटवल्यावर निदान एक महिना तेथे सकाळ-संध्याकाळ माणूस उभा करावा. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली साध्या जाळण्यासाठी ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावरील जाळण्यासाठी २५ हजार रुपये भरपाई ठरवली आहे. झाडलोटीचा पाला जाळणाऱ्या पालिकेच्या स्वतःच्या कामगारांनाही हे आधी सांगावे.

तपासणी: सहाव्या आठवड्याच्या शेवटी ओल्या कचऱ्याच्या कोणत्याही पाच बादल्या पूर्वसूचना न देता पसरून पाहाव्यात. त्यात दहा टक्क्यांहून अधिक भेसळ असेल, तर टप्पा ४ मधील भेटी पुन्हा कराव्यात.

टप्पा ६: ओल्या कचऱ्याचे खत

पालिकेचे स्वतःचे खत युनिट असेल, तर त्याचे यश तीन गोष्टींवर ठरते: ओलावा, हवा आणि कोरड्या पदार्थाचे प्रमाण. घरातील ओल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि पाणी फार असते. म्हणून दोन भाग ओल्या कचऱ्याला साधारण एक भाग, आकारमानाने, सुका पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळावा. मिश्रणातील कर्ब-नत्र प्रमाण (कार्बन आणि नायट्रोजन यांचे गुणोत्तर) २५ ते ३० च्या आसपास आणि ओलावा ५० ते ६० टक्के असावा. प्रयोगशाळा नसली तरी मुठीची परीक्षा पुरेशी आहे: मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला वाढवावा, मूठ उघडताच ते भुसभुशीत विखुरले तर पाणी शिंपडावे.

गोव्यात काथ्याचा भुसा सहज मिळतो म्हणून सगळा भार त्यावर टाकण्याचा मोह होतो. तो पाणी उत्तम शोषतो, पण त्यात लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) फार असल्यामुळे स्वतः फारच सावकाश कुजतो. ओलावा आटोक्यात आणण्यासाठी थोडा वापरावा. मुख्य कोरडा पदार्थ सुका पालाच असावा. हा पाला जानेवारी ते मे या काळात मुबलक असतो आणि जूनपासून एकही कोरडे पान मिळत नाही. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढा पाला मेअखेर छताखाली साठवलेला नसेल, तर जुलैत खत युनिट दुर्गंधीमुळे बंद पडते आणि शेजारी मोर्चा आणतात. हे दरवर्षी टाळता येण्यासारखे आहे.

ढीग दीड ते दोन मीटर उंच, वर छत, खाली उताराची पक्की फरशी आणि कडेने झिरपणाऱ्या पाण्यासाठी गटार असावे. ते काळे पाणी टाकीत जमवून पुन्हा ढिगावर शिंपडावे. ओहोळात किंवा विहिरीच्या दिशेने सोडू नये. मासळी आणि मांसाचे भाग ढिगाच्या मध्यभागी घालून वर किमान वीतभर पाल्याचा थर द्यावा. ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सियसच्या वर निदान तीन दिवस राहिले पाहिजे, तरच रोगजंतू आणि तणांचे बी मरते. आठवड्यातून एकदा ढीग पलटावा. पाच-सहा आठवड्यांनी उष्णता उतरली की आणखी काही आठवडे खत मुरू द्यावे आणि मग चाळावे.

विक्रीसाठी ते खत नियंत्रण आदेशाच्या मानकांत बसावे लागते: कर्ब-नत्र प्रमाण २० पेक्षा कमी, सामू (पीएच) ६.५ ते ७.५, ओलावा १५ ते २५ टक्के. जड धातूंची तपासणीही करून घ्यावी. मिसळलेल्या कचऱ्यातून केलेले खत हमखास येथे अडकते, आणि काचेचे कण असलेले खत एकदा कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) गेले की तो बागायतदार पुन्हा पालिकेचे खत घेत नाही.

चतुर्थीनंतर माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळे-फुलांची सजावट) आणि निर्माल्य एकदम येते. त्यासाठी वेगळी फेरी ठेवावी आणि ढिगात घालण्यापूर्वी माटोळीची सुतळी, तारा, प्लास्टिकच्या माळा काढाव्यात. हे काम विसर्जनाच्या ठिकाणीच केले तर निम्मे श्रम वाचतात.

टप्पा ७: सुक्या कचऱ्याची शेड

येथे दोन शत्रू आहेत, पाऊस आणि आग. पुठ्ठा भिजला की त्याचा भाव जातो, म्हणून शेडच्या बाजूही बंद हव्यात, नुसते छप्पर पुरत नाही. आगीसाठी गासड्यांच्या रांगांत माणूस चालू शकेल एवढे अंतर ठेवावे, मोबाईलच्या बॅटऱ्या आणि गॅस लायटर पहिल्याच टेबलावर वेगळे काढावेत, आणि पाण्याची टाकी व अग्निशामक नळकांडी भरलेली आहेत हे दर महिन्याला पाहावे. गासड्या शेडमध्ये तीन आठवड्यांपेक्षा जास्त पडून राहिल्या, तर वाहतुकीचा करार कोठे तरी अडला आहे असे समजावे.

काच वेगळ्या पिंपात, न फोडता. बिअरच्या पूर्ण बाटल्या परत वापरात जातात. फुटल्या की त्यांचे मोल जवळजवळ संपते आणि कामगारांचे हात कापतात.

टप्पा ८: हॉटेले, सभागृहे, जत्रा आणि फेस्त (चर्चचा उत्सव)

नव्या नियमांनुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम क्षेत्र, दिवसाला ४०,००० लिटर किंवा अधिक पाण्याचा वापर, अथवा दिवसाला १०० किलो किंवा अधिक कचरा, यांपैकी एक जरी लागू असले तरी ती संस्था मोठी कचरानिर्माती ठरते. ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारात जिरवणे ही तिची जबाबदारी आहे. पालिकेने आधी पाणीपट्टी आणि घरपट्टीच्या नोंदींवरून अशा संस्थांची यादी करावी; स्वतःहून कोणी पुढे येईल याची वाट पाहू नये. घरांच्या गाडीत हॉटेलचा कचरा घेण्याची मुभा कधीही देऊ नये, कारण दोन उपाहारगृहांचे उष्टे अन्न अर्ध्या प्रभागाची जागा खाते आणि त्याचा खर्च सामान्य घरपट्टीवाल्यावर पडतो.

शंभराहून अधिक माणसांच्या कार्यक्रमाची सूचना किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला द्यावी, ही तरतूद २०१६ च्या नियमांतच आली होती. परवानगीच्या अर्जातच कचऱ्याची योजना आणि परत मिळणारी अनामत रक्कम घालावी. जत्रेत आणि फेस्ताच्या फेरीत दुकानांच्या प्रत्येक रांगेच्या टोकाला डब्यांची जोडी आणि तेथे एक माणूस हवा; डबे एकटे ठेवले तर पहिल्या तासात सगळे मिसळते. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे जाळल्यानंतर रस्त्यावर अर्धवट जळलेले सांगाडे, तारा आणि फटाक्यांचा कागद उरतो. तो उचलण्याची जबाबदारी पुतळा करणाऱ्या मंडळाची आहे हे परवानगीपत्रात लिहावे आणि पहाटेची वेळही लिहावी.

टप्पा ९: नोंदी आणि पैसा

रोज प्रत्येक प्रकाराचे आवक वजन, जावक वजन आणि शिल्लक एका वहीत लिहावी. आवक वजन, आणि जावक, शिल्लक व खत होताना उडालेले पाणी यांची बेरीज महिन्याअखेरीस जुळली पाहिजे. ती जुळत नसेल तर कचरा कोठे तरी गुपचूप टाकला जात आहे, आणि तो कोणत्या मार्गावरून गळतो हे गाडीनिहाय नोंदींवरून दोन दिवसांत सापडते. ठेकेदाराचे देयक उचललेल्या टनांवर ठरवू नये. टनावर पैसे मिळत असतील तर त्यात माती आणि पाणी वाढते, आणि वर्गीकरणात त्याला काहीच स्वारस्य राहत नाही. देयकाचा मोठा भाग प्रकारनिहाय स्वच्छ कचऱ्यावर आणि पोचलेल्या घरांच्या संख्येवर बांधावा.

वापरशुल्क घरपट्टीबरोबर वर्षातून एकदा घेतले तर वसुली सोपी होते, पण दुकाने व हॉटेले यांचे शुल्क कचऱ्याच्या प्रमाणात आणि दरमहा असावे.

टप्पा १०: जुना ढीग

प्रभागाचा नवा कचरा जुन्या ढिगावर जाणे थांबल्याशिवाय ढीग उपसायला घेऊ नये. मडगावच्या सोनसोडो या जुन्या कचरा डेपोने गोव्याला साठलेल्या ढिगाची किंमत दाखवली आहे. २०१९ मधील तेथील आग अनेक दिवस धुमसत होती, कारण आत साठलेला वायू आणि मिसळलेले प्लास्टिक पाण्याने सहज विझत नाही. उपसण्याचे काम ऑक्टोबरमध्ये सुरू करून मेपर्यंत संपेल एवढाच भाग हाती घ्यावा. ढीग उतरता कापून त्याच्या लांबट रांगा कराव्यात, त्या काही आठवडे उलटसुलट करून वाळवाव्यात आणि मग फिरत्या चाळणीतून माती, ज्वलनशील भाग, दगड-विटा आणि काच वेगळी करावी. चाळलेली माती जड धातूंच्या तपासणीशिवाय शेतीत देऊ नये. ती भरावासाठी वापरता येते. ज्वलनशील भागाचा सिमेंट कारखान्याशी करार आधी झालेला असावा, नाही तर एका ढिगाचे तीन ढीग होतात. जूनच्या पहिल्या पावसाआधी उघडी पडलेली कापाची बाजू ताडपत्रीने झाकून, वरच्या अंगाने येणारे पावसाचे पाणी वळवणारा चर खणून घ्यावा.